मोडीत काय जातं?

मामांचं दुकान रिकामं करायला आम्हाला तीन रविवार लागले. जुन्या पनवेलमध्ये, लाईन आळीच्या जवळ, दहा बाय बाराचा गाळा. बाहेर पाटी : 'रेडिओ, टी.व्ही., टेपरेकॉर्डर दुरुस्त करून मिळतील'. आत एक लाकडी टेबल, त्यावर सोल्डरिंगच्या टोकानं पडलेले शेकडो काळे डाग. वर वाकूनच उभं राहता येईल असा पोटमाळा. मामा २०२२च्या पावसाळ्यात गेले. गाळ्याच्या मालकांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती.

पोटमाळ्यावर काय नव्हतं! व्हॉल्वचे रेडिओ, ट्रान्झिस्टर, कॅसेट डेकचे सांगाडे, इस्त्र्या, मिक्सरच्या मोटारी, बॅटरी फुगलेले यूपीएस, रिमोटचं एक पोतं, चार्जरचं एक पोतं. आणि भिंतीकडे तोंड करून, मध्ये गोणपाट घालून नीट ठेवलेल्या अकरा पिक्चर ट्यूब. ज्यांनी फक्त भिंतीवरचे सपाट टीव्ही पाहिलेत त्यांच्यासाठी सांगतो : जुन्या टीव्हीच्या पाठीला जे कुबड असायचं ते या ट्यूबमुळे. मोठ्या काचेच्या नरसाळ्याचं रुंद तोंड बंद करून त्यालाच पडदा केला तर जसं दिसेल तशी ही वस्तू. वीस-एकवीस इंची एकट्यानं उचलली तर कंबर बोलते.

दुसऱ्या रविवारी भंगारवाला आला. हातगाडी, काटा, दोन पोरं. त्यांचा वेग बघण्यासारखा होता. मोटारी एका बाजूला, पत्रा दुसऱ्या, प्लास्टिक तिसऱ्या. सर्किटच्या पाट्या तर त्यानं स्वतः वेगळ्या काढल्या, पोरांना हात लावू दिला नाही. ट्यूबवरची तांब्याची वेटोळी, ज्याला मामा 'योक' म्हणायचे, ती पक्कडीनं सोडवून घेतली. हिशेब झाला, पैसे दिले, गाडी भरली. अकरा ट्यूब जागच्या जागी.

"आणि या?"

"ट्यूब नको, दादा. काच कोणी घेत नाही."

"अहो, फुकट न्या."

"फुकटपण नको. फोडून खाडीला टाका ना. सगळे तेच करतात."

तो गेला. मी पोटमाळ्यावर त्या अकरा ट्यूबकडे बघत बसलो. आमच्या घरातल्या कुठल्याही जुन्या वस्तूला आजवर 'फुकटही नको' असं कोणी म्हटलं नव्हतं. शिवाय 'फोडून खाडीला टाका' हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. ते का, हे पुढे सांगतो. त्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण पनवेलमध्ये जुन्या वस्तूचं काय करायचं हा प्रश्न टीव्हीच्या फार आधीपासूनचा आहे, आणि बराच काळ त्याचं उत्तर सोपं होतं.

चाकांचं गाव

पनवेल आज म्हटलं की लोकांना एक्स्प्रेस-वे, लोकलचं शेवटचं स्टेशन आणि विमानतळाभोवतीचे जमिनीचे भाव आठवतात. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी हे गाव बंदर म्हणून ओळखलं जाई. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून पनवेलला येऊ लागला. इथून तो गलबतांतून मुंबईला जाई. बंदर रोड हे नाव अजून आहे.

या वाहतुकीतून पनवेलचा एक खास धंदा उभा राहिला : बैलगाडीची चाकं बनवण्याचा. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये पनवेलची नोंद वाचली तर तिथे हा उद्योग आवर्जून सांगितलेला सापडतो. देशावरून आलेला प्रत्येक गाडीवान परतताना इथल्या चाकांची एक जोडी घेऊन जायला बघे, अशा अर्थाची ती नोंद आहे. १८६३ साली रेल्वे बोरघाट चढली, पनवेलला वळसा घालून गेली, आणि बंदराचा रुबाब उतरला. पण चाकांची ख्याती त्यानंतरही टिकली.

बैलगाडीचं चाक म्हातारं झालं की काय होई? मधला लाकडी तुंबा आणि त्यात बसवलेले आरे झिजले, तडकले की चुलीत जात. बाहेरची लोखंडी धाव लोहार काढून घेई. ती तापवून, कापून, पुन्हा दुसऱ्या चाकावर चढे. तेही जमलं नाही तर तिचे विळे, खुरपी, कड्या होत. शेवटी उरे ती राख. ती भांडी घासायला.

तांब्या-पितळेच्या भांड्यांचंही तसंच. माझ्या आजीच्या तोंडी एक शब्द होता, 'मोड'. जुनं, फुटकं, चेपलेलं भांडं म्हणजे मोड. तांबटाकडे मोड घेऊन जायचं, तो ती तोलायचा, नव्या भांड्याच्या किमतीतून मोडीची किंमत वजा व्हायची, वर घट आणि घडणावळ द्यायची, आणि नवा हंडा घरी यायचा. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आपण आज बसगाड्यांपासून विमानवाहू जहाजांपर्यंत सगळ्याला वापरतो. त्याच्या मुळाशी हा व्यवहार आहे : मोडलेली वस्तूही किंमत राखून असते. कपड्यांना बोहारीण होती, रद्दीला वाणी होता, डब्यांना पत्र्यावाला होता.

हे सांगताना 'पूर्वीचे लोक किती पर्यावरणप्रेमी होते' असा सूर लावायचा मोह होतो. तो मी आवरतो. लोक जपून वापरत कारण धातू महाग होता आणि हातात पैसा नव्हता. पण या व्यवहाराचा एक गुण खरा होता : त्यात शिल्लक राहत नसे. प्रत्येक तुकड्याला कुठेतरी गिऱ्हाईक होतं. ज्याला नव्हतं ते कुजत होतं किंवा जळत होतं, आणि त्यानं कुणाचं फारसं बिघडत नव्हतं. तराजूला सगळं कळत होतं.

आमच्या मामांनीही हाच तराजू वारशात घेतला होता. फरक इतकाच, की त्यांच्याकडे येणाऱ्या वस्तूंमध्ये वीज होती.

वीज आली, ट्यूब आली

पनवेलच्या शेजारी खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. घाटावर पाणी अडवायचं, ते कोकणात पाडून वीज करायची आणि ती तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, असा तो प्रकल्प. म्हणजे वीज आमच्या जिल्ह्यात तयार होत होती आणि दिवे मुंबईत लागत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती उलट्या दिशेनं येते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या निमित्तानं रंग आले. मामांनी दुकान टाकलं ते त्याच सुमारास. कंपनीचा टीव्ही बहुतेकांना परवडत नसे, म्हणून मामा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन सुटे भाग आणत आणि इथे टीव्ही जोडून देत. कॅबिनेट एकाचं, ट्यूब दुसऱ्याची, ट्रान्सफॉर्मर तिसऱ्याचा. 'असेंबल्ड' टीव्ही. त्यावर नाव कुठलंच नसे. एका शौकीन गिऱ्हाइकाच्या हट्टावरून त्यांनी पुढच्या पट्टीवर त्याच्या मुलीचं नाव लिहून दिलं होतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांनी 'रामायण' मामांच्या टीव्हीवर पाहिलं.

दुरुस्तीचं हे अर्थशास्त्र मोडीच्या जवळचं होतं. बिघडलेल्या तीन टीव्हींतून दोन चालते करायचे, तिसऱ्याचे भाग काढून ठेवायचे. पोटमाळा हे मामांचं बँकखातं होतं. त्यातल्या कुठल्याही गोष्टीला ते 'कचरा' म्हणत नसत. "लागेल कधीतरी," एवढंच.

पण ट्यूब हा भाग वेगळा होता. ती गेली की गेली. एका टोकाला विद्युतकणांची बंदूक, दुसऱ्या टोकाला चकाकणाऱ्या रसायनांचा लेप दिलेला पडदा, मध्ये निर्वात पोकळी. कण वेगानं पडद्यावर आपटले की चित्र दिसतं, आणि सोबत थोडे क्ष-किरणही निघतात. समोर बसलेल्या माणसापर्यंत ते पोचू नयेत म्हणून काचेतच जड धातू मिसळलेले असतात. रंगीत ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यात तर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं शिशाचं ऑक्साइड असतं. म्हणजे ट्यूब शाबूत असेपर्यंत जे शिसं तुमचं रक्षण करतं, ते ट्यूब फुटल्यावर कुठेही जाऊ शकतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं घातक आहे आणि त्याची सुरक्षित अशी पातळी नाही, हे आज वैद्यकशास्त्र निःसंदिग्ध सांगतं.

हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी दहा वर्षांचा असेन. मामा मेलेल्या ट्यूब गोणीत घालून एका हातगाडीवाल्याकडून खाडीच्या बाजूला पाठवायचे. आम्ही पोरं मागोमाग जायचो. चिखलात ट्यूब उभी करायची, लांबून दगड मारायचा. नेम मानेवर बसला की आधी 'स्स्स' आणि मग 'फट्'. पोकळीत हवा घुसताना काच आत कोसळायची आणि तुकडे उसळून बाहेर यायचे. पडद्याच्या आतून पांढुरकी भुकटी निघायची. ती आम्ही बोटांनी गालाला फासायचो. एकदा मामांनी पाहिलं. त्यांनी आयुष्यात मला मारलं ते त्या एकाच दिवशी. "डोळा जाईल रे, मूर्खा! काच उडते!" त्यांना काच ठाऊक होती, शिसं नाही. आणि पुढच्या आठवड्यात हातगाडी पुन्हा खाडीकडे गेली, कारण दुसरीकडे कुठे जाणार?

१९८९ : चार महिने, तीन तारखा

गावातल्या पोरांना ठाऊक नसलेली ही गोष्ट जगातल्या काही लोकांना चांगली ठाऊक होती. ऐंशीच्या दशकात युरोप-अमेरिकेत घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचे कायदे कडक झाले. कायदे कडक म्हणजे खर्च जास्त. मग सोपी वाट निघाली : कचरा जहाजात भरायचा आणि गरीब देशात उतरवायचा. १९८८ साली नायजेरियातल्या कोको या छोट्या बंदरात इटलीहून आलेल्या विषारी कचऱ्याची पिंपं एका माणसाच्या आवारात सापडली आणि जगभर गदारोळ झाला. त्यातून २२ मार्च १९८९ला स्वित्झर्लंडमध्ये बाझल करार झाला : घातक कचरा देशाबाहेर पाठवायचा तर घेणाऱ्या देशाची लेखी संमती हवी.

दोनच महिन्यांनी, २६ मे १९८९ला, पनवेलच्या शेजारी न्हावाशेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. आणि २८ जुलै १९८९ला भारताचे घातक कचऱ्याबाबतचे पहिले नियम आले. भोपाळनंतर झालेल्या १९८६च्या पर्यावरण कायद्याखालचे. करार, बंदर, नियम, सगळं चार महिन्यांत. ज्या पनवेलचं बंदर रेल्वेनं मारलं होतं, त्याच्या शेजारी आता देशातलं कंटेनरचं सर्वांत मोठं दार उभं राहत होतं. दारातून काय आत येतं हे बघायला नियमही होते.

नियम असणं आणि पेटी उघडून बघणं यांत मात्र फरक असतो. घातक कचऱ्याच्या आयातीविरुद्ध १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. ती चालू असताना न्हावाशेव्याला पडून असलेल्या १३३ कंटेनरचा प्रश्न पुढे आला. कागदावर वंगणतेल, आत टाकाऊ तेल. जानेवारी २००५मध्ये न्यायालयानं ते जाळून नष्ट करायला सांगितलं आणि खर्च आयात करणाऱ्यांवर टाकला. ज्यानं घाण केली त्यानं निस्तरायचं, हे तत्त्व. ते तेल होतं, टीव्ही नव्हते. पण जुन्या संगणकांचीही तीच तऱ्हा होती. कधी 'मिश्र भंगार' म्हणून, कधी शाळांना 'दान' म्हणून ते येत राहिले. २००२ साली एका अमेरिकन संस्थेनं आशियात पोचणाऱ्या या मालावर अहवाल काढला, २००३ साली दिल्लीतल्या 'टॉक्सिक्स लिंक'नं भारतातलं चित्र मांडलं, आणि 'ई-कचरा' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत रुळायला लागला.

आलेला माल असो की आपल्या घरातला, पुढचा रस्ता एकच. गल्लीतला भंगारवाला, त्याच्यावर गोदामवाला, त्याच्यावर मोठा व्यापारी. प्रत्येक पायरीवर वस्तू आणखी सुटी होते. सर्किटच्या पाट्या दिल्लीच्या सीलमपूरकडे, मुरादाबादकडे जातात. वायरीचं प्लास्टिक जाळून तांबं काढतात. त्या धुरात डायऑक्सिनसारखी जहाल विषं तयार होतात. पाट्या तेजाबात बुडवून सोनं काढतात आणि उरलेलं तेजाब गटारात. जुन्या फ्रिजची नळी कापली की ओझोनचा थर खाणारा वायू एका फुस्स आवाजात निघून जातो. यातला प्रत्येक माणूस कष्ट करतो आहे, आणि प्रत्येक जण अगदी मोडीच्या नियमानं वागतो आहे : किंमत आहे ते घे, नाही ते सोड. नियम जुनाच, वस्तू मात्र बदलली होती. तांब्याच्या हंड्यात जे नको ते काही नव्हतंच. टीव्हीत मात्र हवं ते आणि नको ते एकाच डब्यात बसवलेलं होतं.

तराजूला काय दिसत नाही याचं सगळ्यांत भयंकर उदाहरण एप्रिल २०१०चं. दिल्ली विद्यापीठानं वापरात नसलेलं एक जुनं प्रयोगशाळेतलं यंत्र लिलावात भंगारात काढलं. मायापुरीच्या बाजारात ते फोडलं गेलं. आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. एक कामगार दगावला, अनेक जण आजारी पडले. फोडणाऱ्यांना ते फक्त जड, चकचकीत धातूचं यंत्र दिसत होतं. विकणारे तर विद्यापीठवाले होते.

पूर, सपाट पडदा आणि अनाथ वस्तू

२६ जुलै २००५ला गाढी नदीचं पाणी पनवेलच्या सखल भागात घुसलं. दुसऱ्या आठवड्यात मामांच्या दुकानासमोर टीव्हींची रांग लागली होती. चिखल भरलेले, काहींच्या जाळीत अडकलेलं गवत. मामांनी महिनाभर उन्हात पाट्या वाळवल्या, ब्रशनं धुतल्या. जेवढे वाचले तेवढे वाचवले. उरलेले लोकांनी नेलेच नाहीत. पोटमाळा त्या वर्षी भरला तो परत कधी रिकामा झाला नाही.

मग सपाट पडदे आले. ट्यूबचा टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवा हप्त्यांवर घेणं सोपं झालं. या बदलाचा एक परिणाम कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. तोवर जुन्या ट्यूबच्या काचेला एक गिऱ्हाईक होतं : नव्या ट्यूब बनवणारे कारखाने. शिसं असलेली काच वितळवून पुन्हा तशीच काच करता येई. अशी काच भारतात भरूचजवळही बनत होती. नव्या ट्यूबच बनेनाशा झाल्या तसं ते शेवटचं गिऱ्हाईकही गेलं. जगभर गोदामांत ट्यूबचे डोंगर साचले. मामांच्या पोटमाळ्यावर अकरा.

सरकारनं ई-कचऱ्याचे वेगळे नियम केले ते २०११ साली. मे २०१२पासून ते लागू झाले. त्यांची जागा २०१६च्या नियमांनी घेतली, आणि ते लागू झाले १ ऑक्टोबर २०१६ला. पनवेलकरांना ही तारीख पाठ असेल. १८५२ साली स्थापन झालेल्या पनवेल नगरपालिकेची महानगरपालिका झाली तो हाच दिवस.

त्या नियमांत महापालिकांवर टाकलेली एक जबाबदारी वाचून मी थबकलो. 'अनाथ' वस्तू गोळा करून योग्य ठिकाणी पोचवायच्या. अनाथ म्हणजे काय? ज्यांवर कंपनीचं नाव नाही, ज्या सुटे भाग जोडून केलेल्या आहेत, किंवा ज्यांची कंपनीच बंद पडली आहे अशा. म्हणजे मामांचे सगळे टीव्ही. त्यांनी जन्माला घातलेली प्रत्येक वस्तू कायद्याच्या भाषेत अनाथ होती, आणि तिची पालक आमच्या गावची, त्याच दिवशी जन्मलेली महापालिका होती.

ज्या वस्तूला कंपनीचं नाव आहे तिच्यासाठी हिशेब वेगळा. विकणाऱ्या कंपनीनंच तिच्या म्हातारपणाची सोय करायची. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नव्या नियमांत २१ ऐवजी १०६ प्रकारच्या वस्तू आल्या. कंपनीनं काही वर्षांपूर्वी विकलेल्या मालाच्या आधी ६०, मग ७० आणि पुढे ८० टक्के इतक्या वजनाच्या पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रं नोंदणीकृत कारखान्यांकडून विकत घ्यायची. कल्पना चांगली आहे. जुनी वस्तू नीट हाताळण्याचा खर्च वस्तू बनवणाऱ्यावर पडतो, म्हणजे न्हावाशेव्याच्या तेलाला लावलेलं तत्त्व घरातल्या मिक्सरला लागतं.

पण ही प्रमाणपत्रं कशाची मिळतात? सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या धातूंची. शिशाच्या काचेचं प्रमाणपत्र नाही. ती रीतसर वेगळी करून घातक कचऱ्यात जमा करायची, हे कारखान्याचं कर्तव्य आहे; कमाई नाही. कायद्यानं नवा तराजू आणला खरा, पण त्याच्या पारड्यातही तेच पडतं जे भंगारवाला घेऊन गेला होता.

आणि या तराजूवर गल्लीतला भंगारवाला अजून नाहीच. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली स्वतःची संघटना बांधली, तिचं नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली, जिचे सभासद आज घरोघरचा कचरा गोळा करतात. त्या नावाकडे बघा. १९९३ साली भंगार म्हणजे कागद, काच, पत्रा. तीस वर्षांत त्या यादीत केवढी भर पडली! घराघरांत पोचण्याची ताकद कुठल्याही कारखान्याकडे नाही, या माणसांकडे आहे. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा कुणाच्या तरी हातगाडीवरून गेला.

मनात आणलं तर काय होतं तेही दिसलं आहे. जपाननं टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंमधून केली. ६२ लाख मोबाइल आणि जवळपास ७९ हजार टन लहानसहान उपकरणं गोळा झाली, त्यातून ३२ किलो सोनं, ३५०० किलो चांदी निघाली. हीदेखील मोडच. घडणावळीसकट. उरलेल्या काचेचं आणि प्लास्टिकचं पदक होत नाही, एवढंच.

तिसरा रविवार

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत कारखान्यांची यादी मिळते. मी फोन लावत गेलो. मोबाइल, लॅपटॉप, पाट्या म्हटलं की समोरचा आवाज उत्साही. "अकरा पिक्चर ट्यूब" म्हटलं की शांतता. चौथ्या ठिकाणी एक मॅनेजर बाई स्पष्ट बोलल्या. "घेऊ. पण पैसे देणार नाही. गाडीभाडं तुमचं, आणि काचेच्या विल्हेवाटीचा खर्चही तुम्हाला द्यावा लागेल. चालेल?"

मी हो म्हटलं. आईला सांगितलं तर ती चक्रावली. "भंगार न्यायचे पैसे आपण द्यायचे? मामा असता तर हसला असता." मलाही क्षणभर वाटलं, फोडून खाडीला टाकायला काय जातं? खर्च शून्य. मग गालाला फासलेली ती भुकटी आठवली. खर्च शून्य नव्हता. तो कोण भरतंय हे आम्ही बघितलं नव्हतं, इतकंच.

रिमोटच्या पोत्यातल्या बॅटऱ्या मी वेगळ्या केल्या. सीएफएल दिवे खोक्यात, कारण फुटले की पारा. मामांच्या दोन जुन्या मोबाइलमधले फोटो काढून घेतले आणि आतली माहिती पुसली. फुगलेल्या बॅटऱ्यांना हात लावला नाही. त्या वाळूच्या बादलीतून गेल्या. भंगारवाल्यानं ज्या पाट्या नेल्या होत्या त्यांचं मात्र काही करता आलं नाही. त्या मी आधीच विकून बसलो होतो, आणि त्याचे पैसे मला आनंदानं मिळाले होते. हे लिहायला हवं.

गाडी आली. ट्यूब एकेक करून उतरवल्या, गोणपाटासकट. बाईंनी पावती दिली. मी विचारलं, "या काचेचं शेवटी होतं काय?"

"धातू निघतो तो आम्ही ठेवतो. काच घातक कचऱ्यात जाते. तळोज्याला."

तळोजा औद्योगिक वसाहत म्हणजे पनवेल तालुका. घातक कचऱ्याची सामायिक जागा तिथे आहे : खाली अस्तर घातलेले खड्डे, त्यात कचरा रचायचा, वरून झाकायचं, आणि भरून झाल्यावरही तीस वर्षं पाझर तपासत राहायचा. याच वसाहतीत ऑगस्ट २०१७मध्ये भटके कुत्रे निळे झालेले दिसले होते. रंगाच्या कारखान्याच्या सांडपाण्यानं. तो फोटो तुम्ही बहुधा पाहिला असेल. कासाडी नदी तिथूनच वाहते. एकेकाळी वीज आमच्या जिल्ह्यात तयार होऊन मुंबईला जात होती. आता मुंबई परिसरात ज्या वस्तूंनी ती वीज खाल्ली, त्यांतलं कुणालाच नको असलेलं उरतं ते आमच्याकडे परत येतं. खड्ड्यात का होईना, अस्तरावर येतंय, खाडीत नाही, हा फरक मोठा आहे. पण ते नाहीसं होत नाही.

म्हणजे मामांच्या अकरा ट्यूब दुसऱ्या जिल्ह्यात फिरून शेवटी दुकानापासून दहा-बारा किलोमीटरवर येऊन झोपणार. पावतीवर वजन लिहिलं होतं, नव्वद किलोच्या आसपास. शेजारी रक्कम, आणि रकमेखाली 'ग्राहकाकडून मिळाले' असा शिक्का. मी ती पावती मामांच्या हिशेबाच्या वहीत, शेवटच्या पानावर चिकटवली. त्या वहीतली ती एकमेव नोंद आहे जिथे जुन्या मालाचे पैसे आमच्याकडून गेलेत.